बाबांच्या कॅप्सूलांविषयी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, कर्करोग टाळण्यासाठी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्याव्यात का, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत आणि मी घाईत नुसते ‘नको’ म्हणून मोकळी झाले. त्यामागचे कारण लिहिते आहे.

हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील ईजीसीजी, द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल ही सारी पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींत आढळणाऱ्या एका गटातली रसायने होत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी त्यांच्यामुळे मंदावतात, हे खोटे नाही; १९९७ साली रेस्व्हेराट्रॉलने उंदरांच्या त्वचेवरील गाठींना आळा बसल्याचे प्रसिद्ध झाले आणि संशोधकांच्या आशा पालवल्या. अडचण आहे ती शरीरात. कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत लगेच रूपांतर करून टाकतात, त्यामुळे प्रयोगशाळेत पेशींवर जेवढी मात्रा वापरतात तेवढी रक्तात सहसा पोहोचतच नाही.

यावर उपाय म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरीन मिसळतात. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात २० मिलिग्रॅम पायपरीनमुळे कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले होते आणि जाहिरातींना तेवढाच आकडा पुरतो. परंतु पायपरीन ज्या प्रक्रियांना अडवते, त्यांतल्या काही प्रक्रियांनीच अनेक औषधांचाही निचरा होतो. शिवाय कर्क्युमिनमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. तुम्ही रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेता, म्हणून माझा जीव वरखाली होतो.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’ हे आईचे म्हणणे मला ठाऊक आहे. आई, बीटा-कॅरोटीन पॉलिफेनॉल नव्हे, पण तेही गाजरातलेच. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत ते घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक झाला, असे १९९४ साली उघड झाले. हिरव्या चहाच्या अर्काचेही तसेच: दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसू शकतात, असा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेचा २०१८ चा निष्कर्ष आहे. कपभर चहाची गोष्ट वेगळी. तो तुम्ही खुशाल घ्या.

फळे, भाज्या, डाळी पोटभर खाण्याला माझी काहीच हरकत नाही. ती बाटली मात्र तूर्त उघडू नका. पुढच्या तपासणीला जाताना बरोबर न्या आणि डॉक्टरांना तिच्यावरचा मजकूर वाचायला द्या. ते काय म्हणाले, ते त्याच दिवशी कळवा.

तुमची लेक