एक किलो म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातल्या तुमच्या तंत्रज्ञानाच्या सदरात वाचकांना सल्ला दिला आहे की, संगणकाची डिस्क सांगितल्यापेक्षा कमी भरली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. बाजारातला किलो 1000 चा, संगणकातला 1024 चा, एवढं समजून घेतलं की फसवणूक वाटणार नाही, म्हणे. लेखकमहाशयांनी इतवारीत काट्यामागे बसून पाहावं. आमचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी पडताळून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. "आमच्याकडे किलोचा अर्थ जरा निराळा आहे" असं मी एखाद्या गिऱ्हाइकाला ऐकवलं असतं, तर वजनमापेवाले दारात उभे राहिले असते. आणि राहायलाच पाहिजेत.

दिवाळीआधी मुलीने सीताबर्डीतून 1 टीबीची, म्हणजे हजार जीबीची, हार्ड डिस्क आणली. घरातल्या लग्नांचे व्हिडिओ एका जागी ठेवायचे होते. जोडली तर पडद्यावर 931 जीबी. तिला घेऊन मी दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "काकाजी, फॉरमॅटिंगमध्ये जाते थोडं. सगळ्यांचंच जाते." जाते म्हणजे कुठे जाते? मालकाला विचारलं, तर त्याने खोक्याची मागची बाजू पुढे केली. अगदी बारीक अक्षरांत, बारकोडच्या खाली, छापलेलं होतं : 1 जीबी म्हणजे 1,00,00,00,000 बाइट. चष्मा कपाळावर चढवून, खोकं डोळ्यांजवळ नेऊन मी ते वाचलं. समोर ठळक अक्षरांत '1 टीबी', आणि हिशेब मागे.

म्हणजे फॉरमॅटिंगची गोष्ट थापच. माल पुरेपूर एक लाख कोटी बाइटच आहे. विंडोज त्याला तीनदा 1024 ने भागते (बाइटचे केबी, केबीचे एमबी, एमबीचे जीबी) आणि येणाऱ्या 931 पुढे तीच 'जीबी' ही अक्षरं चिकटवते. तीच डिस्क ॲपलच्या संगणकाला लावली तर 1000 जीबी दाखवते, कारण त्यांनी 2009 पासून हजाराचा हिशेब धरला. माल एकच, काटे दोन, आणि दोन्हींवर नाव एकच. याला तुमचे लेखक 'अर्थाचा फरक' म्हणतात!

931 चा आकडा पाहून मला हसूच आलं. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर भरतो 933 ग्रॅम. किलो सांगून शेर हातात दिल्यासारखंच झालं हे. शेर जाऊन किलो आला तेव्हा मी शाळेत होतो, पण दुकानातली भांडणं लख्ख आठवतात. बाया शेरभर साखर मागायच्या, बाबा किलो तोलायचे आणि सदुसष्ट ग्रॅमचे वाढीव पैसे मागितले की "काहून हो, भाव वाढवला?" बाबा एका पारड्यात शेर, दुसऱ्यात किलो ठेवून दाखवायचे. काटा किलोकडे झुकायचा, तरी पटायचं नाही. 1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आलेच होते, त्यात हे. दोनेक वर्षं नुसता वैताग. पण शेरालाच किलो म्हणू या, असं कोणी सुचवलं नाही. जुनी वजनं भंगारात गेली.

संगणकवाल्यांना 1024 का लागतात, हेही विचारून घेतलं. मेमरीची चिप दुपटीदुपटीने वाढते, दोनाला दोनाने गुणत दहाव्या पायरीवर 1024 येतात. असू द्या की! त्यासाठी 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं करूनही दिली. कानाला विचित्र लागतात, पण वेगळी आहेत. वापरायची कोणी? जुन्या फ्लॉपीवर 1.44 एमबी लिहिलेलं असायचं, तिथे तर एकदा 1024 ने आणि एकदा 1000 ने भागलेलं असे. अशी खिचडी आम्ही केली असती तर दुकानाला कुलूप लागलं असतं. अमेरिकेत ग्राहक याच कारणासाठी एका डिस्क कंपनीविरुद्ध कोर्टात गेले आणि 2006 मध्ये तडजोडीत त्यांना काय मिळालं, तर फुकट सॉफ्टवेअर.

बोलण्यात काहीही असो. सराफ्यात तोळा म्हणजे आता सरळ दहा ग्रॅम, पण बिलावर ग्रॅमच लिहितात. जिनिंगवाले खंडी म्हणतात, तिचे 356 किलो हे सगळ्या विदर्भाला पाठ आहे. पडद्यावर मात्र एकाच नावाची दोन मापं, आणि ग्राहकाने समजून घ्यायचं. वजनमापांच्या कायद्यात याचीही सोय व्हायला हवी. पुढचा लेख त्यावर छापा.

खंडीवरून आठवलं. गेल्या महिन्यात तुमच्या बाजारभावाच्या पानावर रुईचा खंडीचा भाव कापसाच्या क्विंटलच्या रकान्यात पडला होता. काटोलहून माझ्या साळ्याचा सकाळी सहाला फोन, "जिजाजी, गाडी भरू काय?" दुसऱ्या दिवशी खुलासा शोधला, नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. मी फोन केला, तर तुमच्याकडून "नोंद घेतो" असं उत्तर मिळालं. त्याच पानाची अक्षरंही अलीकडे इतकी बारीक झाली आहेत की त्या डिस्कच्या खोक्याची आठवण येते. जाहिरातीची मात्र झाली नाहीत.

निदान प्रत्येक भावापुढे एकक तरी छापत जा, ही विनंती. कळावे.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त किराणा व्यापारी)
इतवारी, नागपूर