पंतप्रधान बोलले म्हणजे कायदा होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

परवा पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता वाद पेटला. एक जण म्हणे दिल्लीत एकच माणूस ठरवते अन् तोच कायदा, बाकी सगळे टाळ्या वाजवायले. मी म्हटलं बाप्पा, ते तीन शेती कायदे आठव ना जरा, आपल्याच धंद्याचे होते.

जून 2020 मध्ये संसद बंद होती म्हणून सरकारनं वटहुकूम काढले, तो अधिकार घटनेच्या कलम 123 मध्ये आहे, पण संसद भरली की सहा आठवड्यांत मंजुरी पाहिजे नाहीतर वटहुकूम खलास, म्हणून सप्टेंबरात दोन्ही सभागृहांत बिलं पास करून घ्यावीच लागली. (राज्यसभेत तर आवाजी मतदानावर उरकलं, ते मले अजूनही पटलं नाही.) मग जानेवारी 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं अंमलबजावणीले स्टे दिला.

अन् खरी गंमत पुढं. 19 नोव्हेंबरले पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की कायदे मागे घेतो, आमच्या गावात त्याच दिवशी फटाके फुटले, पण कागदावर कायदे जिवंतच होते! 29 तारखेले संसदेनं रद्द करायचं बिल पास केलं, नंतर राष्ट्रपतींची सही झाली, तेव्हा कुठं ते गेले.

हे ऐकून तो गडी म्हणे, मग कापसाच्या भावाचं कोण्या दारात जायचं? खर्रा तसाच हातात राहिला माझ्या.

- एक कापूसवाला, जि. यवतमाळ