नदीसफरीचा परवाना आणि राखेचा डबा

महोदय,

राफ्टमधून नदी उतरत काठावर मुक्काम करण्याच्या सफरींवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. खळाळांचे वर्णन झकास आहे. मात्र परवान्याचा विषय लेखकाने ‘कटकट’ या एका शब्दात निकाली काढला, ते पटले नाही.

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोराडो नदीवर स्वतःच राफ्ट वल्हवत जायचे, तर सोडतीत नाव लागावे लागते, एका व्यक्तीला वर्षातून एकच सफर करता येते आणि मोठ्या गटालाही 16 जणांची मर्यादा असते. आयडाहोतील सेलवे नदीवर तर ऐन हंगामात दिवसाला एकच गट पाण्यात उतरतो. या कडकपणाचे कारण काठ पाहिल्यावर कळते. उंच कड्यांच्या पायथ्याशी तंबू ठोकण्याजोगी वाळू मोजक्याच जागी असते, आणि 1963 पासून ग्लेन कॅन्यन धरण वरचा गाळ अडवत असल्याने वाहून गेलेल्या वाळूची भरपाईही फारशी होत नाही. त्याच वाळूवर आज एक गट झोपतो, उद्या दुसरा.

म्हणून सोडत लागताच राफ्टच्या भाड्याची चौकशी करण्याआधी अटींचा कागद नीट वाचावा. विष्ठा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून परत आणायची, जाळ धातूच्या पसरट परातीतच करायचा आणि राखही सोबत न्यायची, असे त्यात असते. सोळा जणांच्या दोन आठवड्यांच्या सफरीत असे डबे किती लागतील आणि ते कोणत्या राफ्टवर बांधायचे, हा हिशेब जेवणाच्या यादीइतकाच आधी करावा लागतो. लघवी मात्र तेथे वाळूवर न करता थेट नदीत करायची असते! वाचून मी चमकलो होतो. पण कोरड्या वाळूत दुर्गंधी साचून राहते आणि एवढ्या मोठ्या प्रवाहात ती विरून जाते, हे लक्षात आल्यावर नियम पटला.

पाण्याचाही अंदाज हवा. धरणाचा विसर्ग दिवसभरात कमी-जास्त होत असल्याने रात्री तरंगत बांधलेली राफ्ट पहाटे वाळूत रुतलेली सापडू शकते. शिवाय जलाशयाच्या खोल थरातून येणारे ते पाणी भर उन्हाळ्यातही गारठवते, त्यामुळे लाइफ जॅकेटइतकेच कोरडे गरम कपडेही जलरोधक पिशवीत हवेत.

पुढील लेखात खळाळांच्या छायाचित्रांशेजारी राखेच्या डब्यालाही थोडी जागा मिळावी, ही विनंती.

– एक वाचक