थायलंड म्हणजे हत्तीची पाठ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'पाच दिवसांत थायलंड' हा लेख वाचला. लेख नेटका आहे, खर्चाचा तक्ताही उपयोगी पडेल असा आहे. पण पटाया, फुकेत आणि बँकॉकचे मॉल झाल्यावर शेवटी 'थोडं साहस हवं असेल तर' म्हणून जे दोन पर्याय दिलेत (उत्तरेतल्या चिआंग माई शहराजवळ हत्तीवरून सफर आणि लांब मानेच्या बायकांचं गाव), ते वाचून गप्प बसवेना. शिवाय दोन्हीचे रंगीत फोटो छापलेत, म्हणजे लोक तेवढंच पाहून बुकिंग करणार.

मी 64 वर्षांची, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली बाई. 2024 च्या नोव्हेंबरात धाकट्या बहिणीबरोबर तेरा दिवस त्या देशात हिंडून आले. आमच्या गटात अकरा माणसं होती: दोन डच नर्स, ऑस्ट्रेलियातला एक निवृत्त ट्रकचालक आणि त्याची लेक, कॅनडाचं एक नवं जोडपं, तिघी आयरिश मैत्रिणी आणि आम्ही दोघी. बारावा आमचा गाईड, ईसानचा म्हणजे ईशान्य थायलंडचा पोरगा. (ईसान हा शब्द आपल्या 'ईशान'चाच.) पहिल्या दिवसापासून तो मला 'पा' आणि बहिणीला 'ना' म्हणू लागला. तिकडे आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला 'पा' म्हणतात आणि आईच्या धाकट्या भावंडाला 'ना'. आमच्यात अंतर अवघं तीन वर्षांचं. अर्थ कळल्यावर बहीण जी खूश झाली ती परतीच्या विमानापर्यंत खूशच होती.

लहान गटाचं महत्त्व मला कळलं ते सोंगथेओत बसल्यावर. या शब्दाचा अर्थच 'दोन रांगा'. मागे समोरासमोर दोन बाकं टाकलेली पिकअप गाडी, सामान टपावर. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून मावलो. आणखी चार माणसं असती तर दुसरी गाडी, मग दुसरा गाईड, आणि ज्या गावात आम्ही मुक्कामाला गेलो तिथे उतरायला घरच मिळालं नसतं. चाळीस जणांची बस त्या रस्त्यावर वळतसुद्धा नाही.

बँकॉक आणि अयुथ्था याबद्दल मी लिहीत नाही, ते सगळेच लिहितात. अयुथ्थेला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्यापुढे फोटो काढायचा तर आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली राहील असं उकिडवं बसावं लागतं, आणि मला तिथून उठवायला दोन्ही नर्स लागल्या, एवढं सांगितलं की पुरे.

पश्चिमेकडच्या कांचनाबुरी गावाला जाणाऱ्या गाडीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण आपल्या लेखात ते नावच नाही. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनातून तिसऱ्या वर्गाची गाडी सुटते. खिडक्या सताड उघड्या, आणि मधल्या स्टेशनांवर टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायका. परदेशी माणसाला 100 बाट. क्वाय नदीवरचा पूल ओलांडल्यावर पुढे एके ठिकाणी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये लाकडी खांबांवर टेकवलेला रूळ. गाडी तिथे माणसाच्या चालीने जाते आणि लाकूड करकरतं ते बसल्या जागी ऐकू येतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942-43 मध्ये, जपानी सैन्याने ब्रह्मदेशात जाणारा 415 किलोमीटरचा हा मार्ग बांधून घेतला. त्यात 12 हजारांहून जास्त युद्धकैदी मेले. मलायाच्या मळ्यांतून नेलेले तमिळ मजूर, ब्रह्मी, जावाचे मजूर यांचा आकडा तर 90 हजारांच्या घरात सांगतात.

कांचनाबुरी गावातल्या दफनभूमीत सुमारे 7 हजार थडगी आहेत, हिरवळीवर ओळीने, फुलझाडं लावलेली. ट्रकचालकाच्या आजीचा भाऊ तिथे होता. दफनभूमीच्या वहीत रांग आणि क्रमांक पाहून पाच मिनिटांत त्याला ते थडगं सापडलं. मी तासभर एखादं तमिळ नाव दिसतं का म्हणून फिरत होते. शेवटी गाईड जवळ येऊन म्हणाला, "पा, ती इथे नाहीत." त्या मजुरांच्या याद्या कुणी ठेवल्या नव्हत्या.

रात्रीच्या गाडीने चिआंग माई. तिथून सोंगथेओने दोई इंथनोनच्या बाजूला. 2,565 मीटरचं हे थायलंडचं सर्वांत उंच शिखर. त्याच्या उतारावर करेन लोकांची गावं आहेत. ते स्वतःला पगाकन्यॉ म्हणतात, म्हणजे नुसतं 'माणसं'. शेवटचे तीन तास पायी. भात कापून झालेलं, खाचरांच्या पायऱ्या नुसत्या खुंटांनी भरलेल्या. वाटेत गावातल्या एका आजोबांनी माझी चाल पाहिली, काही न बोलता कोयत्याने बांबू तोडला, मुठीच्या जागी खाचा पाडल्या आणि हातात दिला. आमच्या सहलीच्या पत्रकात 'साहस' म्हणून जे लिहिलं होतं ते माझ्यापुरतं हेच, की त्या काठीच्या भरवशावर उतरणीवरून खाली गेले.

घर खांबांवर उभं, तळाशी सरपण आणि कोंबड्या. जमीन म्हणजे चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या. कुणी कूस बदलली की अख्ख्या घराला कळतं. चुलीपाशी भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यावर साल 2567. आपल्या सनात 543 मिळवले की तिकडचा बुद्धाब्द येतो, हे मला ठाऊक होतं. महिन्यांची नावं मात्र ठाऊक नव्हती. मी गाईडला वाचायला लावलं. मकराखोम, म्हणाला. म्हटलं, मकर? पान उलटलं. कुम्फाफान. मेसायोन. मिथुनायोन. सहाव्या पानानंतर तो वाचायच्या आधी मीच सांगू लागले, आता सिंह, आता कन्या. आम्ही ज्या महिन्यात बसलो होतो तो प्रूत्सचिकायोन, वृश्चिक! गंमत पुढे आहे. महिना 30 दिवसांचा असेल तर नावाच्या शेवटी 'योन', म्हणजे आपलं आयन. 31 चा असेल तर 'खोम', म्हणजे आगम. एकट्या फेब्रुवारीला 'फान', बंध. आपण मुठीवरची हाडं मोजत बसतो, त्यांनी दिवस नावातच मोजून ठेवलेत. घरच्या बाईंना वाटलं, मला थाई येतं. त्यांनी भराभर काहीतरी विचारलं आणि मी चूप. मग सगळेच हसले, आयरिश मैत्रिणी सर्वांत जोरात, कारण त्यांना तर कशातलंच काही कळलं नव्हतं.

आता हत्ती. थायलंडमध्ये 1989 साली नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड बंद झाली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार झाले. पाठीवर खुर्ची बांधून पर्यटक मिरवणं ही त्यांची पुढची नोकरी. माणूस पाठीवर घ्यावा म्हणून पिल्लाला आईपासून तोडतात, अरुंद खोड्यात बांधतात आणि अंकुशाने टोचून टोचून त्याची जिद्द मोडतात. त्याला 'फाजान' म्हणतात. आम्ही गेलो तिथे स्वारी नव्हती. पूर्वी पर्यटकांकडून हत्तींना नदीत अंघोळ घालून घ्यायचे, तेही बंद केलेलं. एक म्हातारी हत्तीण होती. खुर्ची बांधायच्या जागी तिच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना केस उगवलेलेच नव्हते, तळहाताएवढे दोन राखाडी, गुळगुळीत डाग. मी केळी पुढे केली. सोंडेचं टोक तळव्यावर फिरलं, ओलं, गरम, थोडं खरखरीत. तिने हिरवी बाजूला सारली आणि पिवळी तेवढी उचलली. आपल्या लेखातल्या फोटोत खुर्चीचा पट्टा जिथे दिसतो, बरोबर तिथेच ते डाग होते. फोटो पुन्हा काढून पाहावा, ही विनंती.

दुसऱ्या फोटोबद्दल लिहिताना माझीच मान खाली जाते. आमच्या पत्रकात नसलेलं ते 'लांब मानेचं गाव' टूर कंपनीने आयत्या वेळी घुसडलं. गाईडला ते पसंत नव्हतं. त्याने गाडीतच विचारलं, जायचं का? हात वर करा. सात हात वर झाले, त्यातला एक माझा. त्या कयान बायका. मुळात ब्रह्मदेशातल्या लढाईतून पळून आलेल्या कुटुंबांतल्या. पितळी वेटोळ्यांनी मान वाढत नाही, गळपट्टीची हाडं दबून खाली जातात. तिकीट काढून आत गेलो. दोन्ही बाजूंना टपऱ्या, प्रत्येक टपरीत एक बाई मागावर विणत बसलेली, समोर मोबाईल धरलेली माणसं. मीही धरला. तिने सवयीने मान जरा तिरकी केली, उजेड पडेल अशी, आणि विणणं थांबवलं नाही. मी एक ओढणी घेतली, लाल-काळी. ती अजून कपाटात घडी घालून आहे, वापरवत नाही.

लेखातली एक चूक मात्र दुरुस्त करायलाच हवी. परीक्षा संपल्या की मार्चअखेर चिआंग माईला जावं, असं त्यात सुचवलंय. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेत शेतं आणि डोंगर पेटवतात. धुराने शहरासमोरचा दोई सुथेप डोंगर दिसत नाही, आणि जगातल्या सर्वांत वाईट हवेच्या शहरांत चिआंग माईचं नाव तेव्हा वरचेवर येतं. दम्याच्या माणसाने तर त्या दिवसांत तिकडे फिरकू नये. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम. त्या वर्षी 15 नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच, तिकडे लोइ क्राथोंग हा सण होता. केळीच्या सोपाच्या चकतीवर पानं, फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून पिंग नदीत सोडतात. माझी मेणबत्ती पाण्यात टेकवता टेकवताच विझली. पलीकडच्या शाळकरी मुलीने न विचारता स्वतःच्या ज्योतीवर ती पेटवून दिली.

पुरवणीच्या पुढच्या अंकात मार्चची दुरुस्ती छापावी आणि हत्तीच्या स्वारीचा तो परिच्छेद मागे घेत असल्याचं दोन ओळींत कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका

ता. क. शाकाहारी वाचकांसाठी: तिकडे 'मंगसाविरत' म्हणावं, म्हणजे मांसविरती. पण तेवढ्याने अंडं किंवा मासळीचा सॉस टळेलच असं नाही. पिवळ्या कापडावर लाल अक्षरं दिसली की तिथे 'जे' जेवण मिळतं. त्यात अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी माझी बहीण तेरा दिवस त्या पिवळ्या झेंड्यांच्या आधारावर राहिली आणि दोन किलोंनी वाढून आली.