दादाच्या रस्त्याचं बिल

मळा, पणजी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, दादाच्या घरी आलेल्या नोटिशीचा फोटो मिळाला, आणि त्याखाली तुम्ही लिहिलेलं 'हा काय जुलूम!' तेही. अख्खी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला घरापुढच्या रस्त्याचं बिल घरमालकाला येतं हे पटणार कसं? सात हजार डॉलरचा आकडा बघून मीही दचकले. मग रात्री बसून मिनेसोटाचा, म्हणजे दादा राहतो त्या अमेरिकेतल्या राज्याचा, कायदा वाचला.

आधी एक सांगते. इथली एफडी मोडून दादाला पैसे पाठवायचा विचार डोक्यातून काढा. आईने फोनवर सांगितलंय मला. तिथे ही रक्कम एकदम भरायची सक्ती नसते. ही आकारणी, म्हणजे रस्त्यासाठी घरावर लावलेली रक्कम, मंजूर झाल्यावर 30 दिवसांत सगळी भरली तर व्याज नाही, नाहीतर ती मालमत्ता कराबरोबर वर्षावर्षाने हप्त्यात भरायची. बहुतेक शहरं दहा-पंधरा वर्षं देतात. व्याज लागतं, पण दादाला ते झेपेल.

आपल्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की महाजनांच्या घरटी पट्टी बसते ना, तसंच हे. फरक एवढाच की देवळाची पट्टी भक्तीवर सुटते, आणि इथे प्रश्न विचारतात की रस्त्यामुळे तुमच्या घराची किंमत किती वाढली? त्या वाढीपेक्षा जास्त रक्कम शहराला त्या घराकडून घेता येत नाही. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. नव्या वसाहतीत मातीच्या वाटेचा पहिल्यांदा डांबरी रस्ता झाला तर किंमत वाढते, कबूल. पण दादाच्या दारात रस्ता होताच. तो जुना झाला म्हणून उखडून पुन्हा करणार, तर घराची किंमत खरंच सात हजारांनी वाढेल? आणि त्या रस्त्यावरून शाळेच्या बसपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळे जाणार.

ही शंका काही माझ्या एकटीची नाही. मिनेसोटातलंच सेंट पॉल शहर रस्त्यांच्या देखभालीसाठी मालमत्तांकडून वेगळा आकार घेत होतं. त्याविरुद्ध दोन चर्च कोर्टात गेली, आणि 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याला शुल्क म्हणा नाहीतर आणखी काही, हा करच आहे, म्हणजे किंमतवाढीची ती मर्यादा यालाही लागू. काही शहरांनी आता घरांवर आकारणी लावणं सोडून वीज आणि गॅसच्या बिलावर थोडी थोडी रक्कम बसवली आहे. त्यात मालमत्ता कर न भरणाऱ्या संस्थाही येतात. मला ते जास्त सरळ वाटतं. तुम्ही मात्र म्हणाल, वीज जाळण्याचा आणि रस्त्याचा काय संबंध!

तरी एक गोष्ट मान्य करा. दादाला आकडा आधी कळला. आधी काम करायचं की नाही यावर सुनावणी, मग कोणाला किती यावर दुसरी, आणि दोन्हींची सूचना टपालाने घरी. रस्त्यालगतच्या मालकांनी स्वतःहून अर्ज केलेला नसेल, तर शहराच्या परिषदेतल्या दर पाचांतल्या चौघांनी हात वर केल्याशिवाय कामच होत नाही. आणि आपल्याकडे? आपल्या गल्लीत खोदकाम झालं तेव्हा बिल कोणालाच आलं नाही, हे खरं. पण किती दिवस चालणार, हे विचारायचं कोणाला तेही कळलं नाही. पाव विकणारा पदेर सायकल उचलून घेऊन यायचा आणि घरात फरशीवर लाल धूळ. पैसे कुठून येतात? स्मार्ट सिटीच्या यादीत पणजी 2016 मध्ये आली, त्या योजनेत केंद्राचे शहरामागे 500 कोटींपर्यंत आणि तितकाच वाटा राज्याचा होता. शिवाय गोव्याच्या 2009 च्या कायद्याने नव्या बांधकामाकडून चौरस मीटरमागे इन्फ्रास्ट्रक्चर टॅक्स घेतात. घरपट्टी आहेच. म्हणजे भरतो आपणही, फक्त आपल्या नावाचा कागद येत नाही. बिल न येणं म्हणजे फुकट मिळणं, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे बाबा. तुम्हालाही.

आता दादाने काय करायचं ते. सुनावणीला जाऊन नुसतं बोलून चालत नाही. हरकत लेखी, सहीनिशी, सुनावणीआधी शहराच्या क्लार्ककडे किंवा तिथेच अध्यक्षांच्या हातात द्यायला हवी. ती दिली नाही तर पुढे कोर्टाचं दार बंद. दिली असेल तर आकारणी मंजूर झाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. रक्कम घरटी सारखी लावली की रस्त्याकडची लांबी फुटांत मोजून, तेही त्याने विचारावं. त्याचा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे, दोन्ही बाजूंची लांबी धरली असेल तर घोळ तिथेच असणार.

आई, समोरच्या ज्या आजींशी तू हातवारे करून गप्पा मारतेस, त्यांना दादाकडून निरोप दे. 65 किंवा त्याहून जास्त वयाच्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या आणि ओढाताण असलेल्या माणसाची रक्कम पुढे ढकलायची मुभा कायद्याने शहरांना दिली आहे. माफ होत नाही, घर विकलं किंवा माणूस गेलं की भरावी लागते. त्यांच्या शहरात तशी सोय आहे का, ते क्लार्कला विचारायचं.

बाबा, नोटिशीचं पहिलंच पान पाठवलंत. सुनावणीची तारीख बहुधा मागच्या पानावर असेल, तो फोटो आजच पाठवा. आणि दादावर चिडू नका, रस्ता त्याने खणलेला नाही.

तुमची,
माई