मोठ्या टाकीसाठी जुनी टाकी कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्कूटरी घेऊन लांबच्या सफरी करणाऱ्या तरुणांविषयी आपल्या रविवार पुरवणीत वाचलं, फार बरं वाटलं. त्यात ‘टाकी वाढवून घेतली की पंप शोधायची कटकट नाही’ असं एक वाक्य आहे. त्या वाक्यासाठी हे पत्र.

माझ्याकडे वडिलांनी 1984 साली घेतलेली प्रिया स्कूटर आहे. इथल्याच, साताऱ्यातल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार झालेली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस, त्यामुळे घरात तिचा मान मोठा. तरीही मी एका कारागिराकडून तिची मूळ टाकी कापली आणि मागच्या बाजूला पत्रा जोडून 11 लिटरची करून घेतली.

चिपळूणला जाताना काही कळलं नाही. परतताना कुंभार्ली घाटाच्या चढाला गाडी बंद पडली. सीट उचलून बघतो तर आत दोन-अडीच लिटर पेट्रोल डचमळत होतं. रिझर्व्हवर टाकली, तिरकी केली, किक मारून मारून पाय भरून आला. सपाटीवर आणली की सुरू, चढ लागला की बंद. या स्कूटरींना पेट्रोल ढकलणारा पंप नसतो, पेट्रोल वजनानेच खाली कार्बोरेटरमध्ये उतरतं. म्हणून मूळ टाकीचा तळ कॉककडे, म्हणजे पेट्रोल सोडायच्या तोटीकडे, उतरता असतो. माझ्या टाकीचा वाढवलेला भाग सपाट होता, चढावर सगळं पेट्रोल मागे जाऊन बसायचं आणि कॉक कोरडा राहायचा. रिझर्व्ह किती उरतं हे कॉकच्या, टाकीत उभ्या असलेल्या नळीच्या उंचीवर ठरतं. टाकीचा आकार बदलला आणि नळी तीच ठेवली, तर तो हिशेबही चुकतो.

पण खरी भीती वाटली ती जोडावरून बोट फिरवलं तेव्हा. बोट ओलं झालं. खाली तापलेलं इंजिन, वर पाझरणारं पेट्रोल, आणि मागे माझी मुलगी बसलेली.

मोठी टाकी वाईट, असं माझं म्हणणं नाही. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपाजवळ ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ असा फलक अनेक वर्षं होता. लिटरला 40 धरले तरी 9 लिटरहून जास्त पेट्रोल लागतं, आणि चढावर 40 मिळत नाहीत. तिथे जाणाऱ्याने जरूर मोठी टाकी बसवावी, पण त्या मॉडेलसाठी मुद्दाम बनवलेली, सबंध नवी. मूळ टाकी काढून जपून ठेवावी. सातारा-चिपळूणला मोठ्या टाकीची गरज नव्हती, हौस होती.

वेल्डिंग करणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे. रिकामी, उन्हात वाळवलेली टाकीसुद्धा आत वाफ धरून असते आणि ज्योत लागली की फुटते. पेट्रोलची जुनी टाकी वेल्डिंगला घेऊच नका. नवी बनवलीत तर गिऱ्हाईकासमोर हवा भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासून दाखवा. झाकणाला हवेचं छिद्र आहे का तेही बघा, नाहीतर पेट्रोल उतरायचं थांबतं.

आणखी एक. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. मोठी टाकी अर्धी भरून पावसाळाभर गाडी उभी ठेवली तर आतून गंज धरतो, जुनी रबरी नळीही खराब होते. या टू-स्ट्रोक गाड्यांसाठी दर लिटरला 20 मिली ऑइल घालून ठेवलेलं पेट्रोलही महिनोन्महिने साठवण्यासारखं नाही.

माझी कापलेली टाकी मी मोडीत काढली. जुन्या बाजारात तिच्या जातीची दुसरी मिळायला सात महिने लागले. पुढच्या लेखात टाकीविषयी लिहिताना एखाद्या जाणत्या मेकॅनिकला विचारून, जोड कसे तपासायचे एवढं तरी छापावं, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
सातारा