दलदल संपल्यावर

कार्डिफ
१६ एप्रिल २०२५

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

रविवारी तुला त्या काळ्या दगडाचा फोटो पाठवला, तर तुझ्याकडून एक अंगठा आणि 'कोण वारलं रे?' एवढंच आलं. वारलेल्या माणसाला शंभरावर वर्षं झाली आहेत, तेव्हा सांत्वनाला येण्याची घाई करू नकोस. पण हा दगड सापडायला आम्हाला दीड वर्ष लागलं, आणि ती कथा व्हॉट्सॲपवर टंकून दाखवण्याजोगी नाही. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

दगड माझ्या सासूबाईंच्या पणजोबांचा. सासूबाई आता ८५ च्या. मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्या आमच्याकडे होत्या. मी चकल्या तळत होतो आणि त्या टेबलाशी बसून, कुणी न विचारता, म्हणाल्या, "माझे वडील गुडघ्यांवर बसून एक दगड घासायचे. मी पाणी द्यायचे. तो दगड कुठे आहे, मला पुन्हा बघायचाय." ईस्टरच्या आधीच्या रविवारी इथे वेल्समध्ये थडगी स्वच्छ करून त्यांवर फुलं ठेवायची जुनी रीत आहे. 'सील अ ब्लोदाय', म्हणजे फुलांचा रविवार. आपली सर्वपित्री आणि दिवाळीआधीची झाडझूड एकत्र केली तर जे होईल तसं काहीसं. सासूबाई तेव्हा पाच-सहा वर्षांच्या, घर स्वान्सीला. तिथून आगगाडीने गावी जायचं, डॅफोडिल्सची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. गावाचं नाव? "ल्लानविहंगेल." झालं, मला वाटलं काम सोपं आहे.

आधी त्या 'ल्ल'चं सांगतो. जीभ 'ल' म्हणताना ठेवतो तिथेच ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी फुंकर सोडायची. सात वर्षं इथे राहून मला ते अजून नीट जमत नाही. बायको म्हणते मी गरम भजं खाल्ल्यासारखा आवाज काढतो. 'ल्लान' म्हणजे मुळात कुंपण घातलेली जागा, मग त्यातलं चर्च, मग त्याभोवतीचं गाव. पुढे संताचं नाव लागतं. 'मिहंगेल' म्हणजे देवदूत मायकेल, तो 'ल्लान'च्या मागे आला की 'विहंगेल' होतो. मला नाव ऐकताच विहंग आठवला आणि मी खूश झालो. मग नकाशा उघडला. या मायकेलची गावं वेल्समध्ये आपल्याकडच्या पिंपळगावांसारखी जागोजाग पसरलेली आहेत. एकट्या केरेदिगियन परगण्यात तीन तर मी नावानिशी सांगतो: ल्लानविहंगेल गेनाइर ग्लिन, ल्लानविहंगेल इस्त्राद आणि ल्लानविहंगेल अ क्रेइद्दिन. 

आणि आडनाव जोन्स. अव्या, वेल्समध्ये जोन्स शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधणं. पूर्वी यांना आडनावंच नव्हती, आपल्यासारखं स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं: अमुक 'अप' तमुक. इंग्रजी कागदोपत्री त्याचं चेंगरून आडनाव झालं. अप ऱ्हिसचा प्राइस, अप हवेलचा पॉवेल, अब ओवेनचा बोवेन. जॉनच्या पोरांचे जोन्स. जॉन भरपूर, म्हणून जोन्सही भरपूर. मग माणूस ओळखायचा कसा? शेतावरून. सासूबाईंना ते मात्र पक्कं माहीत होतं: 'पेन अ बांक'चे जोन्स. 'बांक' म्हणजे त्या भागात टेकडी. टेकडीमाथ्यावरचे जोन्स, म्हणजे आपल्या माळावरच्या पाटलांसारखे. शेताचं नाव मेलेल्या माणसाच्या दगडावरसुद्धा कोरतात. तू आणि मी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो ते आठवतंय? उपाध्यांनी आडनाव, गाव विचारलं, लाल कापडातली चोपडी सोडली आणि पंधरा मिनिटांत माझ्या आजोबांची सही पुढे ठेवली. मला वाटलं इथेही कुठेतरी तशी चोपडी असणार.

आहे, पण तिला ठिकाण ठाऊक नाही. सन १८१३ पासून इथल्या चर्चची दफननोंद छापील वहीत होते. एका पानावर आठ माणसं, प्रत्येकाचं नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, आणि विधी कुणी केला. आवारात नेमकं कुठे पुरलं, त्याला रकानाच नाही! माणूस शेवटचा कुठे ठेवला एवढं सोडून सगळं लिहिलंय.

पहिले चार-पाच महिने आमचे चुकण्यातच गेले. गेनाइर ग्लिनला दोनदा गेलो. चर्च चढावर, यूची काळपट हिरवी झाडं, खाली झरा, फार सुंदर जागा. जोन्सही पुष्कळ, पण टेकडीमाथ्यावरचा एकही नाही. मग इस्त्रादला एक जोन्स सापडला, नाव तेच, शेताचं नाव 'पेन' पर्यंत वाचता येत होतं, पुढचं दगडाबरोबर गळून गेलेलं. आम्ही आनंदाने आटोपलं. गेल्या वर्षीच्या फुलांच्या रविवारी त्याला फुलं वाहिली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दगडाकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मी लग्नाआधी पाहिलेली आहे. म्हणजे एका परक्या जोन्सला आम्ही रीतसर श्राद्ध घातलं. त्याची हरकत असेलसं वाटत नाही.

दगड वाचणं हेही एक शिक्षण आहे. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, घोडा-घोड्याला. हे लोक शब्दाचं डोकं बदलतात. आठवण म्हणजे 'कोव', पण 'प्रेमळ आठवणीत' म्हणायचं झालं की तिचा 'गोव' होतो. मरणं 'मारू', पण 'वारला'मध्ये 'वारू'. (ऐकायला किती मराठी आहे बघ.) बायको 'ग्वराइग', त्याची बायको 'एई वराइग'. कोशात बघायला जावं तर शब्द त्या अक्षरात नसतोच. सुरुवातीला मी दर दगडाशी फोन काढून उभा राहायचो आणि पावसात भिजायचो.

त्याच दिवशी, परक्या जोन्सला फुलं वाहून, आम्ही वाट वाकडी करून उत्तरेकडे निघालो. मला इस्त्राद फ्लीरच्या जुन्या मठाजवळचं एक थडगं बघायचं होतं. ते एका पायाचं आहे. खरंच! १७५६ साली एका माणसाचा डावा पाय कापावा लागला, तो तिथे पुरला आणि वर दगड लावला. पायाचा मालक पुढे अमेरिकेला गेला असं सांगतात. तर त्या रस्त्यावर त्रेगारॉनच्या पुढे कोर्स कॅरॉन नावाची भली मोठी दलदल लागते, तपकिरी, सपाट, मैलभर नुसतं गवत आणि पाणी. मागे बसलेल्या सासूबाई एकदम ताठ झाल्या. "हे संपलं की बाबा वरच्या फळीवरून पिशव्या खाली काढायचे."

मी गाडी बाजूला घेतली.

कारमार्दनहून ॲबरिस्टविथला जाणारी जुनी आगगाडी याच दलदलीच्या कडेने जायची. १९६५ पासून ती बंद आहे, रुळांच्या जागी आता पायवाट आहे. इस्त्रादला जायचं असतं तर दलदल लागायच्या आधीच, लॅम्पीटरला, गाडी बदलावी लागली असती. गेनाइर ग्लिनला जायचं असतं तर ॲबरिस्टविथपर्यंत जाऊन दुसरी गाडी. दलदल संपल्यावर पिशव्या खाली काढून पुढे लवकरच, ॲबरिस्टविथच्या आधी, उतरायचं असेल तर ते त्राव्सकोइद. तिथून दोन-अडीच मैल चालत ल्लानविहंगेल अ क्रेइद्दिन. इतके महिने मी जनगणनेचे कागद उपसत होतो आणि पत्ता मागच्या सीटवर बसला होता.

पण क्रेइद्दिनच्या वहीतही टेकडीमाथ्यावरचा जोन्स मिळेना! ॲबरिस्टविथला टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथे मी तीन शनिवार बसलो. ॲबरिस्टविथच्या मृत्युनोंदीतही माणूस नाही. १८९१ च्या जनगणनेत शेतावर त्याची भावजय आहे, पुतणे आहेत, भाषेच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'वेल्श' आहे (त्याच वर्षी तो प्रश्न इथे पहिल्यांदा विचारला), आणि हा गृहस्थ गायब. तिसऱ्या शनिवारी कंटाळून मी जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागलो. ग्रंथालयाने १९१९ पर्यंतची स्कॅन करून फुकट ठेवली आहेत. 'केंब्रियन न्यूज'मध्ये शेताचं नाव टाकून शोधलं आणि चार ओळी आल्या: लंडनला दूधवाला असलेला, पेन अ बांकचा मूळ रहिवासी, पार्थिव आगगाडीने आणलं, गावात मोठी अंत्ययात्रा.

दूधवाला! मग सगळं जुळलं. या परगण्यातली असंख्य कुटुंबं लंडनला दुधाची दुकानं चालवायला गेली. आपल्या कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तशीच. पहाटे उठून दूध घालायचं, पै-पै गावी पाठवायची. इथली माणसं काटकसरीसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. (तुझ्या घराण्याचं नाव मी घेत नाही.) पण माती गावचीच हवी, त्या खर्चाला ती मागेपुढे पाहत नसत. मृत्यू लंडनला नोंदलेला, म्हणून इथल्या यादीत नाही. मी पुन्हा दफनाची वही काढली. नोंद होतीच. राहण्याच्या रकान्यात 'लंडन' बघून मी दोनदा तिच्यावरून बोट फिरवून पुढे गेलो होतो.

नोंदीशेजारी आणखी एक बारीक शेरा होता: १८८० च्या कायद्याखाली दफन. ही मंडळी मेथडिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाची, चॅपलवाली. गावचं आवार मात्र अँग्लिकन चर्चचं, आणि १८८० पर्यंत तिथे पुरायचं तर चर्चच्याच पाद्रीच्या हातून, त्याच्याच पोथीने. तुझा बाप तुझ्या गावात पुरायचा आणि मंत्र दुसऱ्याचे! कायदा बदलला तरी काही पाद्री ऐकत नव्हते. उत्तरेत ल्लानव्रोथेनला १८८८ मध्ये एका खाणकामगाराला त्याच्या मुलीशेजारी चॅपलच्या विधीने पुरायचं होतं, तर पाद्रीने फाटकाला कुलूप लावलं. घरच्यांच्या वकिलाने सांगितलं, तोडा कुलूप. तोडलं, पुरलं, खटला लंडनपर्यंत गेला आणि जिंकले. वकील होता पंचविशीतला डेव्हिड लॉइड जॉर्ज, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान. सासूबाईंना हे मी उत्साहाने सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "कुलूपाची गोष्ट? ती आम्हाला पाळण्यातच सांगतात."

आता या रविवारचं. सकाळी दहाला पोचलो. छोटा चौक, चार घरं, त्यामानाने चर्च प्रचंड, क्रॉसच्या आकाराचं, मधोमध बुटका मनोरा. मायलेकी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. युक्ती अशी की शेत, आडनाव काही बघायचं नाही, फक्त 'ल्लिन्डाइन' शोधायचं, म्हणजे लंडन. आणि ते एकाच दगडावर नाही रे, पाच-सहा दगडांवर! सगळे दूधवाले, रांगेने परत आलेले. आमचा मागच्या भिंतीजवळ, आयव्हीच्या वेलाखाली जरा कललेला. दगड स्लेटचा. आपण ज्या पाटीवर ग म भ न गिरवलं तोच दगड, म्हणून अक्षरं इतकी धारदार, इस्त्रादच्या दगडासारखी गळालेली नाहीत. मी फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरला आणि सावलीत अक्षरं वर आली.

सासूबाईंनी पर्समधून साबणाची वडी आणि ब्रश काढला. मी म्हटलं, आई, साबण नको, ब्रशही नको, दगड खराब होतो, नुसतं पाणी घेऊ. त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी साबणाने धुतलाय, आणि तू आत्ता तो वाचतोयस." यावर मला काही सुचलं नाही. शेवटी तडजोड झाली: पाणी आणि माझा जुना बनियन.

मग त्यांनी मोठ्याने वाचलं. त्यांच्या आईवडिलांनी मुलांशी घरात इंग्रजीच ठेवली होती, पुढे उपयोगी पडेल म्हणून. वेल्श त्यांची रविवारपुरती. मी त्यांच्या तोंडून सलग इतकी वेल्श पहिल्यांदा ऐकली. एर सेर्होग गोव आम. यांच्या प्रेमळ स्मरणार्थ. नाव. लंडन. पूर्वी पेन अ बांक, याच परगण्याचे. मृत्यू ताह्वेद महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर. वय ५९. त्याखाली एकच शब्द कोरलेला: 'हेविद'. म्हणजे 'तसेच'.

आणि त्यापुढे काही नाही. अर्धा दगड कोरा.

बायकोचं नाव पुढे घालायचं म्हणून पाथरवटाने तो शब्द आधीच घालून ठेवलेला. ती आलीच नाही. सासूबाईंना घरात ऐकलेलं थोडं आठवतं: नवरा गेल्यावर म्हातारीने लंडनचं दुकान एकटीने चालवलं, गाडीवरचे डबेसुद्धा स्वतः ओढायची. मग कुठे पुरली, ते कुणी बोलायचं नाही. डॅफोडिल्स आम्ही त्या 'तसेच'च्या खालच्या कोऱ्या भागापाशी ठेवली. परतीच्या वाटेवर सासूबाईंनी मला विचारलं, लंडनला जायला आता किती लागतात. तेव्हा मे महिन्यात आम्ही तिकडे. तिथल्या दफनभूमींच्या वह्यांना म्हणे थडग्याचा नंबर असतो, एवढा तरी आराम.

एक काम सांगतो. तू श्रावणात त्र्यंबकला जातोसच, तर आमच्या उपाध्यांकडे डोकाव आणि त्या पानाचा फोटो काढून पाठव. आजोबांची सही मला आठवते, मोडीतल्या पणजोबांच्या दोन ओळीही आठवतात. पणजीचं नाव त्यात होतं का, हे काही केल्या आठवत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पम्या